यादीतला क्रमांक आणि जीआरमधली अट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एका राज्य विद्यापीठात सहायक प्राध्यापक आहात. कुलगुरूंनी विभागाला वर्षाला अमुक इतके स्कोपस पेपर (म्हणजे स्कोपस या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये नोंदले जाणारे शोधनिबंध) असं लक्ष्य दिलं आहे, आणि का म्हणून विचारलं की एकच शब्द ऐकू येतो: रँकिंग. लंडन-शांघायच्या खासगी कंपन्या काढतात त्या याद्यांवर आपली सरकारं खरंच धोरण ठरवतात का, की हा सगळा बातमीपुरता गाजावाजा आहे? आणि एवढा त्रास असेल तर आपण त्यांना डेटा देणं बंद का करत नाही?

मी राज्य विद्यापीठात शिकवता शिकवता बरीच वर्षं आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं काम पाहिलं. त्यातली शेवटची काही वर्षं तर जवळपास पूर्णवेळ रँकिंगचे फॉर्म भरण्यातच गेली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सरकारं ठरवतात, पण तुम्हाला वाटतं तशी नाही. कुठलाही मंत्री यादी समोर ठेवून धोरण लिहीत नाही. क्रमांक धोरणात शिरतो तो एखाद्या विनियमातल्या किंवा शासन निर्णयातल्या एका ओळीतून: ‘जागतिक क्रमवारीत पहिल्या अमुकमध्ये असलेली संस्था पात्र राहील.’ वर्तमानपत्रातला क्रमांक चार दिवसांत विसरला जातो. ही ओळ मात्र वर्षानुवर्षं टिकते आणि कुणाला पैसे मिळणार, कुणाला परवानगी मिळणार, कुणाचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळणार हे ठरवत बसते.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. २०१७ साली यूजीसीने ‘इन्स्टिट्यूशन्स ऑफ एमिनन्स’चे विनियम आणले: दहा सरकारी आणि दहा खासगी संस्था, सरकारी संस्थेला पाच वर्षांत १००० कोटींपर्यंत मदत. उद्दिष्ट काय, तर दहा वर्षांत जगातल्या पहिल्या ५०० मध्ये आणि कालांतराने पहिल्या १०० मध्ये येणं. अर्ज करायची पात्रतासुद्धा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या देशांतर्गत क्रमवारीतल्या किंवा जागतिक यादीतल्या क्रमांकावर. म्हणजे दारातून आत जायला क्रमांक, आणि बाहेर पडताना दाखवायचा तोही क्रमांकच. (नव्याने उभ्या राहणाऱ्या संस्थांचा गट वेगळा होता. २०१८ मध्ये त्यातून जिओ इन्स्टिट्यूटची निवड झाली तेव्हा ती प्रत्यक्षात सुरूही झालेली नव्हती आणि त्यावर भरपूर विनोद झाले. ज्या योजनेत जुन्या संस्थांना क्रमांकाशिवाय दार बंद होतं, तिथे न जन्मलेल्या संस्थेला क्रमांक कुठून मागणार?)

२०१८ च्या श्रेणीबद्ध स्वायत्ततेच्या, म्हणजे दर्जाप्रमाणे विद्यापीठांना मोकळीक देणाऱ्या विनियमांत पहिल्या श्रेणीसाठी दोन मुख्य वाटा होत्या: नॅक या मूल्यांकन संस्थेचे चारपैकी ३.५१ गुण किंवा टाइम्स हायर एज्युकेशन (पुढे नुसतं टाइम्स) आणि क्यूएस या लंडनच्या कंपन्यांच्या याद्यांसारख्या यादीत पहिल्या ५०० मध्ये स्थान. २०२२ मध्ये संयुक्त आणि दुहेरी पदवीचे नियम आले, त्यात परदेशी भागीदार संस्था पहिल्या १००० मधली हवी. परदेशी विद्यापीठांच्या इथल्या शाखांचा प्रवास तर फारच बोलका आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उदाहरणादाखल ‘जगातली पहिली १०० विद्यापीठं’ असा उल्लेख होता. २०२३ मध्ये प्रत्यक्ष विनियम आले तेव्हा त्यात ५०० होतं, शिवाय एखाद्या विषयात पहिल्या ५०० मध्ये असलं तरी चालेल आणि विशेष प्रावीण्य असलं तरीही चालेल. १००, ५००, १०००. या आकड्यांमागे गुणवत्तेचा काही अभ्यास असेल असं समजून मी बराच काळ शोधत होतो. शेवटी लक्षात आलं की कोण येऊ शकेल याचा अंदाज आधी बांधला जातो आणि रेघ त्याप्रमाणे ओढली जाते. पहिल्या शंभरातली विद्यापीठं इथे शाखा काढायला उतावीळ नव्हती, म्हणून रेघ खाली सरकली.

आता सरकारं असं का करतात? इथे मी कक्ष अधिकाऱ्याची बाजू घेणार आहे, कारण त्या खुर्चीच्या जवळून मी काम केलं आहे. फाइल समोर आली: अमुक देशातलं तमुक विद्यापीठ, करार करायचा की नाही? ते चांगलं की वाईट हे त्याने कशाच्या आधारे सांगायचं? तज्ज्ञांची समिती नेमली तर सहा महिने जातात, समितीने शिफारस केली तर ‘याच विद्यापीठाची का?’ म्हणून माहिती अधिकारात अर्ज येतो, वर लेखापरीक्षणाचा आक्षेप. क्रमांक फुकट मिळतो, तो दुसऱ्याने दिलेला असतो आणि उद्या कुणी विचारलं तर बोट दाखवता येतं. विवेकाची जागा आकड्याने घेतली की सही करणारा सुरक्षित होतो.

हे पाप मी स्वतःही केलं आहे. आमच्याकडे परदेशी विद्यापीठांशी सामंजस्य करार करायचे तर निकष काय, यावर तीन बैठका वाद झाला. चौथ्या बैठकीत सगळे थकले होते. मी मसुद्यात ‘क्यूएस ५०० च्या आत’ असं लिहिलं आणि पाच मिनिटांत ठराव मंजूर झाला. दोन महिन्यांनी युरोपातल्या एका विद्यापीठाचा भारतविद्या विभाग आमच्याशी हस्तलिखितांच्या कामासाठी करार करायला तयार झाला. मराठी आणि मोडी वाचणारी तिथली माणसं आमच्या काही प्राध्यापकांपेक्षा सरस होती. त्यांचं विद्यापीठ होतं पाचशेच्या बाहेर. माझाच निकष माझ्या आडवा आला आणि तो बदलून घ्यायला पुन्हा दोन बैठका गेल्या.

या याद्यांचा जन्म कसा झाला हे माहीत असेल तर पुढचं समजायला सोपं जातं. १९९८ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या शताब्दीला अध्यक्ष चियांग झमिन यांनी चीनला जागतिक दर्जाची विद्यापीठं हवीत असं जाहीर केलं, त्यातून ‘प्रकल्प ९८५’ निघाला. शांघाय जिआओ तोंग विद्यापीठातल्या ल्यू न्येन्साय यांच्या गटाने मग एक साधा प्रश्न घेतला: आपण जगाच्या किती मागे आहोत? तो मोजायची फूटपट्टी २००३ मध्ये जाहीर झाली, तीच शांघाय क्रमवारी. म्हणजे मुळात ती एका देशाच्या धोरणासाठी केलेली घरगुती मोजणी होती. जगाने ती निकालपत्रासारखी वाचली.

या फूटपट्टीवर काय मोजलं जातं? माजी विद्यार्थ्यांना मिळालेली नोबेल आणि गणितातली फील्ड्स पदकं १० टक्के, प्राध्यापकांना मिळालेली २० टक्के, सर्वाधिक उद्धृत होणारे संशोधक २० टक्के, ‘नेचर’ आणि ‘सायन्स’मधले लेख २० टक्के, एकूण नोंदलेले लेख २० टक्के आणि दरडोई कामगिरी १० टक्के. शिकवण्यासाठी रकानाच नाही. नोबेलच्या मोजणीतून एक मजेदार भांडणही झालं: युद्धानंतर बर्लिनचं जुनं विद्यापीठ दोन झालं, तेव्हा आइन्स्टाइनच्या काळातली नोबेल पूर्वेकडच्या हुंबोल्ट विद्यापीठाची की पश्चिमेकडच्या ‘फ्री युनिव्हर्सिटी’ची? वाटणीवरून भावाभावांत होतो तसाच तंटा.

टाइम्स आणि क्यूएस २००४ पासून एकत्र यादी काढत होते आणि २००९ नंतर वेगळे झाले. क्यूएसमध्ये बराच काळ ४० टक्के गुण नुसत्या प्राध्यापकांमधल्या प्रतिष्ठेला होते. २०२३ मध्ये ते ३० वर आले, पण नोकरी देणाऱ्यांच्या मताचे १० चे १५ झाले. प्रतिष्ठा कशी मोजतात? तुम्हाआम्हाला एक ईमेल येतो: तुमच्या विषयातल्या देशातल्या दहा आणि परदेशातल्या तीस उत्तम संस्था सांगा, स्वतःची सोडून. मी पहिल्यांदा भरला तेव्हा परदेशातली अकरा नावं सुचली. त्यातली सहा अशी होती जिथलं एकही काम मी गेल्या दहा वर्षांत वाचलं नव्हतं, पण नाव शाळेपासून ऐकलं होतं. मग बाकीची भरायला मी काय केलं असेल? मागच्या वर्षीची यादी उघडली.

सरकारांनी या यादीवर थेट लक्ष्यं बांधली तेव्हा काय झालं हे आता वीस वर्षांनी दिसतं आहे. रशियात मे २०१२ च्या अध्यक्षीय आदेशातून ‘५-१००’ हा कार्यक्रम निघाला: २०२० पर्यंत पाच विद्यापीठं पहिल्या शंभरात. २१ विद्यापीठांवर पैसा ओतला गेला, पण सर्वसाधारण यादीत ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. जपानमध्ये शिंझो आबे यांनी २०१३ मध्ये दहा वर्षांत दहा विद्यापीठं पहिल्या शंभरात आणायचं ठरवलं. दहा वर्षांनी टाइम्सच्या यादीत पहिल्या शंभरात होती ती तोक्यो आणि क्योतो, दोनच. जपानी विद्यापीठं झोपली होती असं नाही. शंभराच्या यादीत जागा शंभरच असतात आणि त्याच जागांसाठी चीन, कोरिया, सिंगापूर, सौदी सगळेच धावत होते. सगळ्या देशांच्या घोषणांची बेरीज केली तर पहिल्या शंभरात निदान दोनशे विद्यापीठं बसवावी लागतील.

फ्रान्सची गोष्ट मला सगळ्यांत जास्त शिकवून गेली. २००३ च्या पहिल्या शांघाय यादीत फ्रान्सचं सर्वांत वरचं विद्यापीठ ६५ व्या क्रमांकावर होतं. देशाला ते लागलं, आणि कारणही खरं होतं: तिथलं उत्तम संशोधन सीएनआरएससारख्या राष्ट्रीय संस्थांत आणि ‘ग्रांद एकोल’ म्हणतात त्या छोट्या निवडक संस्थांत विखुरलेलं. विद्वान तेच, प्रयोगशाळा त्याच, पण पेपरवर नाव अनेक संस्थांचं, त्यामुळे यादीत कुणालाच पूर्ण श्रेय नाही. मग सरकारने विलीनीकरणाचा धडाका लावला. पॅरिस-साक्ले हे त्याचं सर्वांत मोठं अपत्य: २०२० च्या शांघाय यादीत पहिल्यांदा आलं ते थेट १४ व्या क्रमांकावर. आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या गणितज्ञांची संख्या तीच होती. पाटी बदलली होती, आणि त्याच्या जोडीला एक कडक शिस्त आली होती: प्रत्येक लेखावर संस्थेचं नाव कसं लिहायचं याचा नियम.

हे ऐकून आपल्याकडच्या रँकिंग कक्षातला माणूस हसेल, कारण हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय. पुणे विद्यापीठ १९४९ चं. इंग्रजीत कधी पूना, कधी पुणे, कधी ‘युनिव्हर्सिटी ऑफ’ आधी, कधी नंतर. २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचं नाव लागलं. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. त्यामागे केवढा संघर्ष होता हे तुम्हाला सांगायला नको. ही नावं आपल्यासाठी इतिहास आहेत. डेटाबेसच्या लेखी मात्र ती चार-पाच वेगवेगळ्या संस्था असू शकतात. जुन्या प्राध्यापकांनी जुनंच नाव लिहायचं, कुणी संक्षेप लिहायचा, कुणी फक्त विभागाचं नाव आणि गावाचा पिनकोड. आम्ही एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन संशोधक विद्यार्थी बसवले आणि आमच्या नावाचे सगळे अवतार गोळा करून एका प्रोफाइलखाली आणायचा अर्ज केला. नवं संशोधन शून्य झालं आणि पेपरांची संख्या वाढली. कुलगुरूंनी अभिनंदन केलं. मी ते निमूट स्वीकारलं.

एका रकान्याच्या व्याख्येने माणसाची खुर्चीही जाऊ शकते, याचं उदाहरण मलेशियाचं. मलाया विद्यापीठ २००४ च्या टाइम्स-क्यूएस यादीत ८९ वं होतं. आवारात ‘जगातल्या पहिल्या शंभरातलं विद्यापीठ’ असे फलक लागले. २००५ मध्ये ते १६९ वर घसरलं. शिक्षण बिघडलं होतं का? नाही. आदल्या वर्षी मलेशियाचेच नागरिक असलेले चिनी आणि भारतीय वंशाचे विद्यार्थी-शिक्षक ‘परदेशी’ म्हणून मोजले गेले होते. चूक दुरुस्त झाली आणि ‘आंतरराष्ट्रीयते’चे गुण कोसळले. संसदेत विरोधकांनी चौकशी मागितली, कुलगुरूंची मुदत पुढे वाढली नाही. ८९ हा क्रमांक खोटा होता तेव्हा मात्र कुणी चौकशी मागितली नव्हती.

आणि २०२२ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या गणिताच्या एका प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, स्वतःच्याच विद्यापीठाने एका अमेरिकी यादीसाठी दिलेले आकडे तपासून त्यातल्या विसंगती जाहीर केल्या. वर्गातल्या विद्यार्थ्यांची संख्या, शिक्षकांच्या पदव्या वगैरे. दुसऱ्या क्रमांकावरचं कोलंबिया त्याच वर्षी अठराव्यावर गेलं. ही यादी देशांतर्गत, पण धडा सगळ्यांना लागू: स्वतः भरलेल्या फॉर्मवर चालणाऱ्या क्रमवारीत फॉर्म भरणारा हाच खरा खेळाडू असतो. मी ते काम केलं असल्याने हे वाक्य अभिमानाने लिहीत नाही.

आता तुमच्या विभागाच्या लक्ष्याकडे येतो. ते स्कोपसचं लक्ष्य जागतिक यादीमुळे कमी आणि एनआयआरएफमुळे जास्त आलेलं आहे. एनआयआरएफ २०१५ मध्ये सुरू झाली, पहिली यादी एप्रिल २०१६ ची. जागतिक याद्यांत भारत दिसत नाही, त्यांचे निकष आपल्याला लागू पडत नाहीत, या तक्रारीतून ती निघाली. शिकवणं आणि साधनं ३० टक्के, संशोधन ३०, पदवीधरांचं पुढे काय झालं २०, सर्वसमावेशकता १० आणि लोकमत १०. मुली, आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थी, दिव्यांगांच्या सोयी हे रकाने त्यात आहेत, ही चांगली गोष्ट. पण संशोधन मोजायला पुन्हा स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेसच.

या रकान्यांपैकी कुठले विद्यापीठाच्या हातात असतात ते पाहा. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण सुधारायचं तर पदं भरायला हवीत. त्यासाठी वित्त विभागाची मान्यता, बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा तक्ता), जाहिरात, कोर्टातली स्थगिती. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाने वर्ग रिकामा राहत नाही, पण रकानाही भरत नाही. परदेशी विद्यार्थी आणायचे तर वसतिगृह हवं. पेपर मात्र आदेश काढून वाढवता येतात. म्हणून सगळा भार तिथेच येऊन पडतो, म्हणजे तुमच्या डोक्यावर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात २०२४ मध्ये २३ वं होतं, २०२५ मध्ये ५६ वर गेलं. विद्यापीठाने रिक्त पदांकडे बोट दाखवलं, आणि या बाबतीत ते बरोबर होतं. वर्षानुवर्षं रिक्त असलेली पदं सगळ्यांना माहीत होती. त्यांची दखल घ्यायला क्रमांक घसरावा लागला. रँकिंगच्या बाजूने मी बोलायचं ठरवलं तर हाच माझा मुद्दा असेल: शिक्षकांनी निवेदनं देऊन जे मुंबईपर्यंत पोचत नव्हतं ते एका आकड्याने पोचवलं.

पेपर वाढवण्याच्या आदेशाचं पुढे काय होतं तेही तुम्हाला दिसतच असेल. पैसे देऊन छापणारी नियतकालिकं, एकमेकांना उद्धृत करणारी टोळकी, आणि शेवटी मागे घेतलेले लेख. चांगल्या नियतकालिकांची यादी ठेवायला यूजीसीने ‘केअर’ सुरू केलं, त्याचा कक्ष पुण्यातच होता. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. त्याच वर्षी एनआयआरएफने मागे घेतलेल्या लेखांसाठी गुण वजा करायला सुरुवात केली. आधी फूटपट्टीने पळायला लावायचं, मग पडला की दंड.

आणि जे आपलं खरं काम आहे ते कुठल्याच यादीला दिसत नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याला शेकडो महाविद्यालयं संलग्न आहेत आणि लाखो मुलांच्या परीक्षा, निकाल, पदव्या हा त्याचा रोजचा धंदा. २०१७ मध्ये ऑनलाइन उत्तरपत्रिका तपासणीचा बोजवारा उडाला, निकाल महिनोन्महिने लांबले, कित्येकांचे पुढचे प्रवेश हुकले आणि राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने विद्यापीठाचा दर्जा म्हणजे हेच. जागतिक याद्यांत त्यासाठी रकाना नाही. खेड, पाटण किंवा शहादा इथल्या संलग्न महाविद्यालयात शिकणारी मुलगी या याद्यांच्या हिशेबात जवळपास अस्तित्वातच नाही.

तिच्याशी यादीची गाठ पडते ती वेगळ्याच ठिकाणी. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी, ७५ जागांची. त्यात प्रवेश मिळालेलं विद्यापीठ क्यूएसच्या यादीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. ही मर्यादा वेळोवेळी बदलत आली. म्हणजे एखाद्या मुलीने सामाजिक कार्य किंवा जलव्यवस्थापनात जगातला उत्तम विभाग निवडला, पण ते विद्यापीठ त्या वर्षी रेघेच्या दोन पायऱ्या खाली असलं, तर पात्रता गेली. कोणत्या वर्षीची यादी धरायची, एवढ्यावर एखाद्याचं वर्ष अवलंबून असू शकतं. ब्रिटनने २०२२ मध्ये हुशार पदवीधरांसाठी खास व्हिसा आणला तोही असाच: तेव्हा अट होती टाइम्स, क्यूएस आणि शांघाय यांपैकी किमान दोन याद्यांत पहिल्या ५० मध्ये असलेल्या विद्यापीठाच्या पदवीची. पहिल्या यादीत भारतातली एकही संस्था नव्हती, आयआयटीसुद्धा नाही. नेदरलँड्समध्येही पदवीनंतर नोकरी शोधायच्या वर्षासाठी बाहेरच्या विद्यापीठांच्या पदवीधरांना पहिल्या २०० ची अट आहे. विद्यापीठांची क्रमवारी अशी माणसांच्या क्रमवारीत रूपांतरित होते, आणि ज्या कंपनीने यादी काढली तिला हे करायचंही नव्हतं.

कंपन्या निष्पाप आहेत असं नाही हं. यादी काढणाऱ्याच कंपन्या विद्यापीठांना सल्ला, जाहिरात, परिषदा विकतात. २०२१ मध्ये बर्कलीतल्या एका संशोधकाने २८ रशियन विद्यापीठांचा अभ्यास केला. क्यूएसच्या सेवा वारंवार विकत घेणाऱ्यांचा क्रमांक, एरवी सुधारला असता त्यापेक्षा जास्त सुधारलेला दिसला. कंपनीने तो निष्कर्ष फेटाळला. माझ्या मेलबॉक्समध्ये मात्र प्रत्येक यादीनंतर आठवडाभरात ‘तुमची कामगिरी समजून घ्यायची आहे का?’ असा गोड मेल आणि सोबत दरपत्रक यायचं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: बंद का करत नाही? काहींनी केलं. एप्रिल २०२० मध्ये मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर, रूरकी आणि गुवाहाटी या सात आयआयटींनी पारदर्शकतेचा मुद्दा काढून टाइम्सच्या यादीत भाग घ्यायचा नाही असं ठरवलं. क्यूएसमध्ये त्या राहिल्या. नेदरलँड्सच्या उत्रेख्त विद्यापीठाने २०२३ मध्ये टाइम्सला डेटा दिला नाही, २०२४ मध्ये झुरिक विद्यापीठ बाहेर पडलं, २०२५ मध्ये पॅरिसच्या सॉरबॉनने तोच निर्णय जाहीर केला. चीनमध्ये रेनमिनसारखी विद्यापीठंही २०२२ मध्ये जागतिक याद्यांतून बाजूला झाली. ज्या देशाने ही फूटपट्टी घडवली तिथूनच. पण पाहा, बाहेर पडणारे सगळे आधीच नावाजलेले आहेत. उत्रेख्तला विद्यार्थी मिळायचे थांबत नाहीत. शिवाय शांघाय यादी तुमच्याकडे डेटा मागतच नाही, त्यामुळे तिच्यातून निघायचं म्हणजे काय करायचं हाच प्रश्न आहे. एखाद्या राज्य विद्यापीठाने उद्या जाहीर केलं की आम्ही टाइम्सला डेटा देत नाही, तर वर्तमानपत्रात मथळा काय येईल? ‘यादीतून बाहेर फेकलं गेलं.’

म्हणून बहिष्कारापेक्षा कमी आवाजाचं एक काम सुचवतो. पुढच्या विद्या परिषदेत, किंवा अधिसभेतल्या तुमच्या ओळखीच्या सदस्यामार्फत, एवढंच विचारा: आपण ज्या ज्या यादीसाठी डेटा भरतो, तिच्यातला क्रमांक नेमक्या कोणत्या विनियमातल्या कोणत्या कलमासाठी आपल्याला लागतो? कलम क्रमांकासह लेखी उत्तर मागा.

आमच्याकडे हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या एका बाईंनी विचारला होता आणि उत्तर काढायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस विनियम चाळले. श्रेणीबद्ध स्वायत्ततेला पहिल्या ५०० ची वाट होती, पण तिथे आम्ही पोचण्याची शक्यता नव्हती आणि नॅकच्या गुणांची दुसरी वाट उघडीच होती. संयुक्त पदवीसाठी १००० ची अट परदेशी भागीदाराला. भारतीय संस्थेला नॅकचे ३.०१ किंवा एनआयआरएफमधला पहिल्या १०० मधला क्रमांक पुरतो. एमिनन्सच्या योजनेत आम्ही नव्हतो. थोडक्यात, नॅक आणि एनआयआरएफची कलमं आम्हाला लागू होती आणि त्यांचा डेटा भरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ज्या दोन जागतिक याद्यांसाठी माझे दोन सहायक वर्षातले तीन महिने घालवत होते, त्यांचा क्रमांक आमच्या बाबतीत एकाही कलमाला लागत नव्हता. लागत होता तो प्रवेशद्वारावरच्या फलकाला आणि दीक्षान्त समारंभाच्या भाषणाला.

मी तसं टिपण लिहून दिलं. विद्या परिषदेने ते ‘नोंद घेण्यात आली’ असा शेरा मारून पुढे पाठवलं. त्या वर्षीचा फॉर्मही मीच भरला. बाईंनी मात्र टिपणाची प्रत मागून घेतली आणि स्कोपसच्या लक्ष्याबद्दल विभागाच्या बैठकीत विषय निघाला की त्या पर्समधून ती काढून टेबलावर ठेवत.